शुक्रवारची नमाज, दाढीची जाळी, रविवारची सुट्टी, होळीचा खाडा: कंपनीला कायदा नेमकं काय बांधतो?

वेफरलाइन (जळगाव)

राम राम मंडळी. केळी वेफर्स आणि नमकीनचा कारखाना, जळगाव एमआयडीसी. हजेरी, रजा, पाळ्या हे टेबल माझ्याकडे. एकूण १४० माणसं; ५२ कंपनीच्या मस्टरवर, बाकी ठेकेदाराची. पाळी सकाळी ८ ते ४.३०, जेवणाची सुट्टी १२.३० ते १.

पुढचे विषय एकाच आठवड्यात टेबलावर आलेत:

१) पाऊच पॅकिंगच्या नऊ जणांना शुक्रवारी १.१५ ते २ सुट्टी हवी. जमात (सामूहिक नमाज) १.३० ला, मशीद जवळच आहे.
२) तळण विभागात एकाला सुपरवायझरने तोंडी सांगितलं, "दाढी काढून ये, नाहीतर येऊ नको."
३) पाऊच मशीनवर एक ताई बुरख्यात काम करायचं म्हणतात.
४) नवापूरकडचे चार ख्रिस्ती कामगार. साप्ताहिक सुट्टी आता फिरती केली, त्यांना रविवारच हवा.
५) धडगाव-अक्कलकुव्याची पोरं होळीला आठ-दहा दिवस न सांगता जातात.
६) दसऱ्याच्या यंत्रपूजेची २०० रुपये वर्गणी पगारातून कापली जाते. दोघांनी नको म्हणून अर्ज दिलाय.

मालकांचा प्रश्न एका ओळीचा आहे: "यातलं काय करणं भागच आहे?" मला परिपत्रक लिहायचंय. कलमासकट सांगितलं तर बरं.

---

लेबरवाला (धुळे)

आधी पाया पक्का करू, कारण व्हॉट्सॲपवर या विषयात निम्मं चुकीचं फिरतं.

राज्यघटनेचं कलम १६(२) धर्मावरून नोकरीत भेद करायला मनाई करतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं. कलम १५ आणि २५ सुद्धा मुख्यतः सरकारला बांधतात. भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, जिल्हा परिषद या सगळ्यांविरुद्ध कर्मचारी या कलमांवर दाद मागू शकतो: रेल्वे आणि आयुध निर्माणीवाला आधी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, बाकीचे रिट याचिका घेऊन थेट उच्च न्यायालयात. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. तुमच्या वेफर्सच्या कंपनीविरुद्ध तसं जाता येत नाही.

खाजगी मालकाला "कामगाराच्या धर्माचरणासाठी सोय कर" असं सांगणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. "वाजवी सोय" हा शब्द आपल्या कायद्यात आहे, पण तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात. अपंग कामगारासाठी रॅम्प बांधणं ही जबाबदारी आहे, शुक्रवारची ४५ मिनिटं ही त्या अर्थाने जबाबदारी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही धार्मिक सोयीचं कलम नाही. वेतन संहितेतली भेदभावाची मनाई लिंगावरून आहे.

पण याचा अर्थ "मालकाची मर्जी" असा लावलात तर तिथेच फसाल. तीन दोऱ्या तुम्हाला बांधतात. पहिली, अनुचित कामगार प्रथा: आकसाने कामावरून काढणं, गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं, किरकोळ चुकीला न झेपणारी शिक्षा करणं. दुसरी, स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याचे मंजूर सेवानियम, तुमच्याकडे लागू असतील तर (नव्या संहितेत त्यांची सक्ती ३०० कामगारांपासून): ज्या गोष्टीचा गैरवर्तन म्हणून त्यात उल्लेखच नाही, तिच्यासाठी शिक्षा करता येत नाही. ग्लॅक्सोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलंय. तिसरी, रूढ सवलत: वर्षानुवर्षं दिलेली गोष्ट एका सकाळी बंद करता येत नाही.

तेव्हा मालकांना एका ओळीचं उत्तर असं द्या: सोय करणं बहुतेक ठिकाणी भाग नाही, सगळ्यांना एकच माप लावणं सगळीकडे भाग आहे.

सहावा मुद्दा लगेच निकाली काढतो. वर्गणी परस्पर कापणं बंद करा, आजच. पगारातून काय कापता येतं त्याची यादी कायद्यात ठरलेली आहे. आधी ती १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ७ मध्ये होती, आता वेतन संहितेच्या कलम १८ मध्ये आहे. यंत्रपूजा त्या यादीत नाही. डबा फिरवा, ज्याला टाकायचे तो टाकेल. पूजा करायला कुणाची हरकत नाही. वर्गणी सक्तीची, हात जोडणं सक्तीचं, आणि न जोडणाऱ्याची नंतर बढती अडवणं, इथून भानगड सुरू होते. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. ती शाळा होती, तुमचा कारखाना आहे, आधार वेगळा; पण कारखान्यात त्या नकाराला गैरवर्तन ठरवायला स्थायी आदेशात कलम शोधून सापडणार नाही.

---

पाळीपत्रक (भुसावळ)

शुक्रवारचं गणित मांडतो. यात जवळपास प्रत्येक ठिकाणी तीच एक चूक होते.

सरळ उपाय म्हणून लोक जेवणाची सुट्टी १२.३० वरून १.१५ ला सरकवतात. तुमची पाळी ८ ला सुरू होते. ८ ते १.१५ म्हणजे सव्वापाच तास सलग काम. जुन्या कारखाने कायद्याचं (त्याची जागा आता व्यवसाय सुरक्षा संहितेने घेतली, मी कलमं जुनीच देतो) कलम ५५ म्हणायचं, किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको. म्हणजे नमाजची सोय करायला गेलात आणि विश्रांतीच्या कलमात अडकलात.

योग्य मांडणी अशी. शुक्रवारपुरती दुसरी पाळी काढा: ८.३० ते ५.१५, मधली सुट्टी १.१५ ते २. सकाळचे पावणेपाच तास, दुपारचे सव्वातीन, एकूण आठ. आजची ८ ते ४.३० ही पाळी अर्धा तास वजा करून आठच भरते. पगार कापायचा नाही, ओव्हरटाइम निघत नाही, कुणाला फुकटचा अर्धा तास दिल्याची ओरड नाही.

यात तीन गोष्टी सांभाळा.

एक, पाळ्यांच्या वेळांची नोटीस. कलम ६१ प्रमाणे कुणाचं काम किती ते किती हे बोर्डावर लागतं आणि त्याबाहेर माणूस काम करताना दिसला तर फॅक्टरी इन्स्पेक्टर मस्टर आणि नोटीस शेजारी ठेवून बघतो. ५ वाजता नऊ माणसं लाइनवर आणि नोटिशीत पाळी ४.३० ला संपलेली, हे चालत नाही. शुक्रवारचा गट वेगळा दाखवा.

दोन, त्या पाळीला धर्माचं नाव देऊ नका. "शुक्रवार पाळी ब, अर्ज केलेल्या कोणासही" असं लिहा. कुणाला सकाळी पोराला शाळेत सोडायचं असेल, तोही घेईल. मग "त्यांना सूट, आम्हाला नाही" ही कुरकुर उठायला जागाच राहत नाही.

तीन, लाइन. नऊच्या नऊ जण एकाच लाइनवर असले तर १.१५ ला ती लाइन थांबते आणि गरम माल ट्रेमध्ये मऊ पडतो. म्हणून त्यांना धर्म बघून वेगवेगळ्या लाइनवर पांगवायचं, असा सल्ला कुणी देईल. तसं करू नका. तीच उद्या भेदभावाची तक्रार होईल. १२.३० ला जेवून आलेल्यांतून तीन-चार रिलीव्हर (जागा सांभाळणारी बदली माणसं) घ्या आणि पाऊच मशीनवर त्यांना आधी शिकवून ठेवा. सीलिंगच्या जबड्यावर नवखा माणूस ४५ मिनिटांसाठी उभा करणं हे अपघाताला आमंत्रण.

गेटपासावर जाण्या-येण्याची वेळ लिहा. २ चे २.२० होऊ लागले तर उशिराचा जो नियम चहाच्या टपरीवरून उशिरा येणाऱ्याला लागतो तोच लावा, जास्त नाही, कमीही नाही.

आता रविवार. कलम ५२ मुळातच रविवार धरून आहे. त्या दिवशी काम करायला लावायचं असेल तर आधीच्या तीन किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवसाची सुट्टी द्यावी लागते, इन्स्पेक्टरच्या कार्यालयात आणि कारखान्यात आधी नोटीस लागते. आणि विसरली जाणारी मर्यादा: अदलाबदलीमुळे कुणाचेही सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम होता कामा नये. चौघांना कायम रविवार देऊन बाकीच्यांची सुट्टी फिरवत राहिलात तर कुणीतरी एक जण सोमवारी सुट्टी संपवून पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत राबतो. मोजा, अकरा-बारा दिवस होतात. नवीन संहितेत कलमांचे आकडे बदललेत, तरी पाळीपत्रक बनवताना ही मर्यादा पाळाच.

चार जणांसाठी फिरतं पत्रक मोडायची गरज नाही. ज्यांना रविवारपेक्षा मंगळवार-शुक्रवार सोयीचा, त्यांची स्वेच्छेची यादी मागवा. बाजारचा दिवस धरून सुट्टी मागणारे आपल्याकडे भरपूर निघतात. अदलाबदलीच्या अर्जावर दोघांच्या सह्या आणि तारीख. यादीत माणसं कमी पडली तर महिन्यातले दोन रविवार निश्चित आणि बाकी सकाळी उशिरा येण्याची मुभा, इतक्यावरही बहुतेक वेळा भागतं, कारण प्रार्थना सकाळच्या दोन तासांची असते.

---

क्यूसी_चाळीसगाव

दोन आणि तीन नंबर माझ्या प्रांतातले.

दाढी. अन्नसुरक्षा नियमांच्या चौथ्या अनुसूचीत केस झाकणं, नखं कापणं, धोका होईल असे दागिने न घालणं हे आहे. दाढी काढणं नाही. दाढीला जाळी घालतात, तिची किंमत टोपीइतकीच. जाळी असताना "काढून ये" म्हणायला अन्नसुरक्षेचं कारण उरत नाही, आणि कारण उरलं नाही की मागे फक्त सुपरवायझरचा स्वर उरतो. तो आदेश लेखी मागे घ्या आणि त्याच चिठ्ठीत जाळी द्या. जाळी सगळ्या दाढीवाल्यांना. तीन दिवस दाढी न केलेल्या सुपरवायझरलाही.

एकच जागा अशी आहे जिथे दाढीचं कारण खरं असतं: चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसनमास्क. कडेने केस आले की सील बसत नाही, वाफ आत जाते. तुमच्याकडे टाकी धुताना कॉस्टिक वापरत असतील. तिथेही आधी बघायचं की डोकं झाकणारा, हवा आत ढकलणारा सैल हूड चालतो का. तो महाग पडतो, म्हणून बहुतेक ठिकाणी त्या माणसाला फक्त टाकी-धुण्याच्या कामातून बदलून देतात. पगार न घटवता बदली झाली तर तक्रारीला जागा राहत नाही.

आता खरी मेख. तळणीत जाऊन मनगटं बघा. लाल दोरे किती दिसतात? दोरा तेलात भिजतो, धागे सुटतात, मेटल डिटेक्टरला दिसत नाहीत. मंगळसूत्राचे मणी, बांगड्या, कडं, ताईत, गळ्यातला क्रॉस, जानवं बाहेर आलेलं, सगळ्यांना एकच कसोटी: मालात पडू शकतं का, यंत्रात अडकू शकतं का. टोपी काढायला लावली आणि दोरा ठेवू दिला, की तुमचा स्वच्छतेचा नियम कोर्टात स्वच्छतेचा राहत नाही. काढता येत नसेल तिथे झाकणं: मंगळसूत्र ॲप्रनच्या आत, कड्यावर घट्ट इलॅस्टिक बाही. गोल टोपी घालायची असेल तर जाळीच्या आत घालू द्या, माल सुरक्षित राहतो.

बुरखा. पाऊच मशीनला फिरता रोल आहे, चेन आहे, सीलिंगचा जबडा आहे. सैल कापड अडकतं, मग ते बुरख्याचं असो, ओढणीचं असो, की साडीच्या पदराचं. जुन्या कारखाने कायद्याचं कलम २२ चालू यंत्राच्या तेल-पट्ट्याच्या कामाला अंगाशी घट्ट कपडे सांगायचं. तोच विचार सगळ्या फिरत्या भागांपाशी लावा. पण तुमच्याकडे बायका साडीवर ॲप्रन घालून त्याच मशीनवर असतील तर फक्त बुरख्याला बंदी टिकणार नाही. दोन्ही बंद, किंवा दोन्हींना एकच पर्याय.

पर्याय असा चालतो: गुडघ्याखाली जाणारा, पूर्ण बाह्यांचा, मनगटाला इलॅस्टिक असलेला कोट, डोक्याला आणि मानेला झाकणारी शिवलेली कापडी हूड, जी कोटाच्या आत खोचली जाते, खाली सलवार. केस, मान, हात सगळं झाकलं. नकाबाच्या जागी अन्न विभागातला मास्क तसाही असतोच. टाचणी मात्र कधीच नाही, ती मालात पडली की आख्खा लॉट थांबवावा लागतो. म्हणून बांधायचा स्कार्फ नको, शिवलेली हूड हवी. कपडे बदलायला बायकांची वेगळी, कडी लागणारी खोली द्या. तिच्यावाचून हे सगळं कागदावर राहतं. आणि त्या ताईंशी बोलायला एखाद्या बाईमाणसालाच पाठवा. बहुतेकदा अडचण बुरख्याची नसते, पुरुष सुपरवायझरसमोर उघड्या डोक्याने उभं राहण्याची असते.

---

रोखठोक (शिरपूर)

कायदा नाही म्हणता आणि मग पानभर सोयी सांगता. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. पर्युषणात जैन म्हणेल सूर्यास्ताआधी जेवायला सोडा, रमजानात रोजेदार म्हणेल इफ्तारला सोडा, श्रावणात कानबाईला अख्खा कारखाना रिकामा. धंदा करायचा की पंचांग सांभाळायचं? सरळ लिहा, कंपनीत धर्म नाही, विषय संपला.

---

लेबरवाला (धुळे)

भाऊ, कानबाईला कारखाना आजही रिकामाच असतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कोण कामावर येतं ते मस्टर उघडून बघा. आखाजीलाही (अक्षय्य तृतीया) तेच. म्हणजे पंचांग तुम्ही सांभाळताच आहात, फक्त बहुसंख्यांचं, आणि न लिहिता. तक्रार होते ती नेमकी इथे: एका गटाची सवलत "प्रथा" म्हणून चालते आणि दुसऱ्याची "मागणी" म्हणून नाकारली जाते. "कंपनीत धर्म नाही" हे वाक्य लिहून दसऱ्याची वर्गणी कापलीत तर ते वाक्य तुमच्याच विरुद्ध वाचलं जाईल.

"सगळे मागतील" ही भीती खोटी नाही. म्हणून प्रत्येक अर्जाला तीनच प्रश्न लावायचे: माल किंवा माणसाला धोका आहे का, खर्च किंवा लाइनचा खोळंबा किती, आणि दुसऱ्या कामगाराच्या हक्काची पाळी-सुट्टी मारली जाते का. उत्तर आकड्यात लिहायचं. "शक्य नाही" एवढंच लिहिलेला नकार कुठेच टिकत नाही. "दुसऱ्या पाळीत लाइन दोनवर रिलीव्हर एकच, म्हणून २० मिनिटांऐवजी १२ मिनिटं" हा टिकतो. इफ्तारचंच घ्या: मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य साधारण साडेसहा-पावणेसातला मावळतो, दुसऱ्या पाळीचा चहा तसाही त्याच सुमाराला असतो. पंधरा मिनिटं इकडे-तिकडे. जैन कामगाराचं संध्याकाळचं जेवणही त्याच सुट्टीत पंधरा मिनिटं अलीकडे घेतलं की बसतं. तळणीच्या भट्टीपाशी रोजेदार असेल तर मात्र वेगळं बघा. पाण्याविना आठ तास भट्टीपुढे उभं राहणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. त्याला विचारून महिनाभर पॅकिंगला घ्या. परस्पर हलवू नका, तीही शिक्षाच वाटते.

आता एक सापळा. तुमच्याकडे आधीचा कुणी मॅनेजर शुक्रवारी तोंडी सोडत होता का, हे विचारून घ्या. सोडत असेल आणि आता बंद करायचं असेल तर ती रूढ सवलत काढणं ठरतं. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ खाली त्याला २१ दिवसांची नोटीस लागत होती, औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्येही तीच अट आहे. कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा, सुट्ट्या, रूढ सवलती हे सगळं त्या यादीत येतं. चौथ्या मुद्द्यात तुम्ही लिहिलंय, "सुट्टी आता फिरती केली." नोटीस दिली होती का? दिली नसेल तर त्या चौघांची बाजू धर्मावरून नाही, या कलमावरून भक्कम आहे.

निर्यातीच्या कंपन्यांत अमेरिकन ग्राहकाचं आचारसंहितेचं पुस्तक येतं, त्यात धार्मिक सोयीचं कलम असतं, म्हणून तेही सांगतो. तिकडे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने १५ किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला बांधलंय, आणि १९७२ च्या दुरुस्तीने धर्माचरणाची सोय करणं ही जबाबदारी केली. १९७७ च्या निकालाने ती पातळ झाली: किरकोळपेक्षा थोडा जास्त खर्च दाखवला की मालक सुटायचा. २०२३ मध्ये रविवारी काम नाकारणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने माप कडक केलं. आता धंद्याच्या मानाने मोठा वाढीव खर्च दाखवावा लागतो, आणि सहकाऱ्यांची नुसती कुरकुर कारण होत नाही. हा कायदा जळगावातल्या भारतीय कामगाराला लागू नाही. पण ते पुस्तक कंपनीने सही करून स्वतःचं धोरण म्हणून लावलं असेल, तर कामगार ते दाखवून "तुम्हीच लिहिलंय" म्हणू शकतो. सही करण्याआधी वाचा, इतकंच.

गणवेशाच्या शिस्तीवरून सैन्यदलाची उदाहरणं कुणीतरी देईलच. डिसेंबर २०१६ मध्ये हवाई दलातल्या दाढीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दलाच्या बाजूने निकाल दिला, खरं आहे. तो सशस्त्र दलाच्या नियमांवर आहे. वेफर्सच्या तळणीला तो लावू नका.

---

सातपुडा_पायथा (नंदुरबार)

होळीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. धडगाव, अक्कलकुव्याच्या भिल-पावरा पोरांना होळी म्हणजे धुळवडीची एक सुट्टी नाही. आधी भोंगऱ्याचे बाजार, मग पाड्या-पाड्याची होळी वेगवेगळ्या दिवशी, काठी गावची राजवाडी होळी, नाचायला घुंगरू बांधून पाळणूक (व्रत) धरलेली. तिचे नियम असतात, मधूनच उठून कामावर येता येत नाही. हे धर्माच्या रकान्यात बसतं की परंपरेच्या, याचा खल करू नका. परिपत्रकात "सण-उपासना" लिहा.

कायद्याने त्यांच्याकडे रजा असतेच. जुन्या कारखाने कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांना एक, म्हणजे किमान १२ दिवस भरपगारी. नवीन संहितेत ही अट १८० दिवसांवर आली, त्याचे किमान ९. अडचण अर्जाची आहे. अर्ज १५ दिवस आधी लागतो, आणि पोरं निरोप मिळाला की त्याच रात्री निघतात. मग दहा दिवसांपेक्षा जास्त सलग विनापरवाना गैरहजेरी झाली की आदर्श स्थायी आदेशात ते गैरवर्तन. मुकादम नाव काढतो, परत आल्यावर नवीन नाव चढवतो, आणि त्याचे रजेसाठीचे दिवस पुन्हा शून्यापासून. पोराला वाटतं होळीमुळे काढलं.

उपाय जानेवारीतच. गाव विचारून तारखा लिहा. पाड्यांच्या होळ्या एका दिवशी नसतात हाच तुमचा फायदा: दोन तुकड्या पडतात. छापील अर्ज पुढे करून अंगठा किंवा सही घ्या, पोच द्या, परत यायची तारीख पावरी-भिलोरी बोलणाऱ्या माणसाकडून तोंडी सांगा. ठेकेदाराच्या रजा नोंदवहीत ती रजा चढली की नाही हे स्वतः बघा. तिथेच सगळं मुरतं.

नवापूरच्या ख्रिस्ती आदिवासी कामगारांबाबत एक: "धर्म बदलला म्हणजे आदिवासी नाही" असं कुणी मस्टरवर किंवा तोंडावर बोलत असेल तर थांबवा. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. आणि जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. ते प्रकरण मग कामगार कार्यालयात नाही, पोलीस ठाण्यात जातं.

---

वेफरलाइन (जळगाव)

सगळ्यांचे आभार. फिरत्या सुट्टीची नोटीस दिली नव्हती, कबूल. दोन शंका. तळणीतला तो कामगार ठेकेदाराचा आहे. तो तक्रार घेऊन गेलाच तर कुठे जाईल? आणि आमच्या शहरातल्या विक्री दुकानाला हेच नियम का?

---

लेबरवाला (धुळे)

दुकानाचं सोपं. कारखान्याला कारखान्याचे नियम, दुकानाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७. त्याच्या कलम १८ मध्ये आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. "मिळून" ही अट कायद्याची आहे. मुंबई-पुण्याच्या मुख्य कार्यालयाची यादी चिकटवली की आखाजी, ईद, १४ एप्रिल, नाताळ यातलं काहीतरी गळतं. दोन सामाईक, दोन ज्याच्या-त्याच्या पसंतीच्या, अशी वाटणी करून डिसेंबरात सह्या घ्या. केंद्र सरकारच्या कार्यालयांत वर्षाला दोन निर्बंधित सुट्ट्या निवडायची पद्धत आहेच, तोच धागा. दुकान लहान असेल तर माणसांची संख्या कायद्याच्या कक्षेत बसते का, ते आधी बघा.

तक्रार. पहिली पायरी कंपनीची तक्रार निवारण समिती. २० किंवा जास्त कामगार असले की ती लागतेच. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४ प्रमाणे कामगार एका वर्षाच्या आत अर्ज देऊ शकतो, समितीने ३० दिवसांत काम संपवायचं, समाधान नाही झालं तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे. तुमची समिती आहे का? नसेल तर परिपत्रकाआधी ती करा.

दुसरी वाट महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित प्रथा कायदा. इथे लोक दरवाजा चुकतात. काढून टाकल्याची तक्रार चौथ्या अनुसूचीच्या बाब १ खाली कामगार न्यायालयात. पक्षपात बाब ५, आकसाची बदली बाब ३, या औद्योगिक न्यायालयात. मुदत ९० दिवस, उशिराला सबळ कारण लागतं. चुकीच्या न्यायालयात तीन महिने गेले की मुदतही गेली. संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही प्रथांची यादी आहे, त्यामुळे अर्ज कोणत्या कायद्याखाली, हे वकिलाकडून लिहिण्याआधी ठरवून घ्यावं लागतं.

ठेकेदाराच्या माणसाला मात्र १९७१ च्या कायद्याखाली कंपनीविरुद्ध जाताना पहिलाच अडसर आहे: कंपनी आणि तो यांच्यात मालक-कामगार नातं वादातीत असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हे ठरवलंय. म्हणून त्याची पहिली तक्रार ठेकेदाराविरुद्ध जाईल. त्याने निर्धास्त होऊ नका. "दाढी काढून ये" म्हणणारा सुपरवायझर तुमचा आहे, आणि ठेकेदाराच्या माणसांवर तुमचा थेट ताबा असल्याचा तो आयता पुरावा. ठेका नावापुरता आहे असं म्हणायला युनियनला एवढं पुरतं.

सुपरवायझरचा पगार १८,००० च्या वर असेल तर तो स्वतः "कामगार" नाही, त्याच्यावर धर्मावरून अन्याय झाला तर त्याला नेमणूकपत्र आणि दिवाणी न्यायालय. त्यालाही हे सांगून ठेवा, जरा जपून बोलेल.

---

वेफरलाइन (जळगाव)

मसुदा टाकतो, काटछाट करा:

"१. मुस्लिम कामगारांना शुक्रवारी नमाजसाठी १.१५ ते २ सवलत देण्यात येईल. २. अन्न विभागात धार्मिक वस्तू घालू नयेत. ३. सणाची रजा १५ दिवस आधी अर्ज केल्यास व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार मिळेल. ४. दसरा वर्गणी ऐच्छिक राहील."

---

पाळीपत्रक (भुसावळ)

पहिली ओळ: धर्माचं नाव आणि "सवलत" दोन्ही काढा. "शुक्रवारी पाळी ब (८.३० ते ५.१५, सुट्टी १.१५ ते २) मागणी करणाऱ्या कोणत्याही कामगारास, लाइनवर रिलीव्हर उपलब्ध असल्यास." कोण किती दिवस आधी मागणार तेही लिहा, गुरुवारी दुपारी १२ पर्यंत पुरे.

दुसरी: "धार्मिक वस्तू" हा शब्दच घात करतो. "सुटी होणारी, मालात पडू शकणारी किंवा यंत्रात अडकू शकणारी कोणतीही वस्तू वा कापड", आणि खाली जाळी, हूड, बंद बाहीचा कोट कुठून मिळेल ते.

तिसरी: भरपगारी रजा हक्काची आहे, मर्जी फक्त तारखेची. "नकार दिल्यास कारण व पर्यायी तारीख तीन दिवसांत लेखी" असं घाला. निरोपावर निघणाऱ्यांसाठी फोनवरची सूचना हजेरी-लिपिकाने नोंदवून घ्यावी, हेही.

चौथी बरोबर, पण आधी कापलेले पैसे अर्ज दिलेल्या दोघांना पुढच्या पगारात परत करा आणि पगारपत्रकात तशी ओळ दाखवा.

पाचवी राहिली: फिरत्या सुट्टीची २१ दिवसांची नोटीस. ती या परिपत्रकात मिसळू नका, वेगळी काढा आणि तोवर जुनी रविवारची सुट्टी चालू ठेवा. दोन्ही कागद मराठीत, फाटकाजवळच्या बोर्डावर. ठेकेदाराच्या माणसांचं फाटक मागचं असेल तर तिथेही.